कोकणात बुलेट ट्रेन म्हणे, आणि इकडे चार्जर अर्थिंगवर अडलाय

जांभा_चिरा (रत्नागिरी)

गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तो निळ्या रेघेचा नकाशा फिरतोय, मुंबई-गोवा बुलेट ट्रेन, दोन तासात गावात. खाली दहा जणांनी हात जोडलेत आणि एकाने लिहिलंय की आता हायवेला चार्जिंग स्टेशनं पण होतायत, कोकण बदलणार. बदलू दे की, कोणाला नकोय. पण मी वायरिंगची कामं घेणारा माणूस, मला या दोन्ही गोष्टींत एकच अडचण दिसते ती इथे मांडतो, पटत नसेल तर खुशाल शिव्या घाला.

मागच्या उन्हाळ्यात गणपतीपुळ्याच्या बाजूला एका होमस्टेवाल्याकडे ७.२ किलोवॅटचा एसी चार्जर बसवला, तीच गोष्ट सांगतो. पाहुण्याने गाडीला पिन लावली की हिरवा दिवा, दोन सेकंदांनी लाल. मालक म्हणे चार्जर डिफेक्टिव्ह, परत पाठवा. न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मीटर धरला तर नको तेवढे व्होल्ट दिसत होते. मग अर्थिंगचा खड्डा उकरला. कागदावर खड्डा आठ फुटांचा, पण तीन फुटांवर कातळ लागला म्हणून आधीच्या माणसाने पाइप तिथेच आडवा घातला, वर मीठ-कोळसा टाकून बुजवला आणि बिल आठ फुटांचं लावलं. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा असलं अर्थिंग कसंबसं चालून जातं, फ्रिज-टीव्ही तर कधी तक्रारच करत नाहीत. मे महिन्यात जांभा खडखडीत वाळला की संपलं. आणि गर्दी तर मे महिन्यातच! ईव्ही चार्जर आधी अर्थ तपासतो, मगच करंट सोडतो, त्यामुळे चार्जर बरोबर होता, जमीन चुकीची होती. शेवटी विहिरीकडच्या बागेत माती आहे तिथे दोन खड्डे घेतले, केमिकल भरलं, पट्टी घरापर्यंत ओढली. त्या पट्टीचा खर्च बघून मालकाचं तोंड उतरलं.

आता हेच मोठं करून बघा. गाडी ३२० ने धावायला तयार आहे, चार्जर दहा मिनिटांत शंभर किलोमीटर द्यायला तयार आहे. त्यांच्या खालची जमीन आणि मागची तार तयार आहे का, हे कोणी विचारत नाही कारण त्याची फीत कापता येत नाही. बोला.

क्रॉसिंगला_थांबलेला (चिपळूण)

रेल्वेच्या बाजूने भर घालतो. कोकण रेल्वे बांधली तेव्हाच ती १६० च्या वेगाचा विचार करून आखली, वळणांची त्रिज्या कमीत कमी १२५० मीटर आणि चढ दीडशेला एक. त्या काळात भारतात असं कोणी करत नव्हतं, त्यासाठीच एवढे बोगदे आणि पूल, एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर, रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच.

आता बुलेट. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच सुखात वळायला त्रिज्या चौपट लागते, साधं गणित आहे. १६० चे ३२० केले की १२५० चे ५००० होतात, मुंबई-अहमदाबादला तर ६००० मीटर धरलीय. हातात नकाशा घ्या आणि महाड ते राजापूर सहा किलोमीटर त्रिज्येची वळणं काढून दाखवा. डोंगराला वळसा घालायची सोयच उरत नाही, समोर येईल ते फोडायचं नाहीतर ओलांडायचं. म्हणजे जवळपास सगळी लाइन एकतर बोगद्यात नाहीतर पुलावर. आणि आहे त्या बोगद्यांचा काही उपयोग नाही कारण ते एकेरी आणि अरुंद, ३०० ने गाडी आत शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि पलीकडच्या तोंडातून फटाक्यासारखा आवाज निघतो, जपानने त्याच्यासाठी गाड्यांची नाकं लांब केली आणि बोगद्याच्या तोंडांना हुड बसवले. गेज पण वेगळा, बुलेटचा १४३५ मिलिमीटर, आपला ब्रॉडगेज. म्हणजे सगळं नव्याने.

वंदे भारतचं उदाहरण घ्या. जून २०२३ ला सुरू झाली, सीएसएमटी ते मडगाव साधारण ५८६ किलोमीटर, पावणेआठ तास. सरासरी निघते ताशी ७५. गाडी १६० ची आहे, पण रोहा ते वीर सोडलं तर पुढे बहुतेक एकच रूळ. समोरून गाडी येणार असेल तर कोणीतरी लूपला (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) थांबणार, मग गाडीचं नाक कितीही लांब असो.

चाकरमानी_डोंबिवली

झालं, आले नन्नाचा पाढा वाचणारे 😀 १९९० ला पण असंच म्हणत होते. सह्याद्री फोडून रेल्वे? पैसे कुठून? आंब्याच्या बागा जाणार, भाताची खाचरं बुडणार. श्रीधरनसाहेबांनी बाँड काढून पैसे उभे केले आणि २६ जानेवारी १९९८ ला अख्खी लाइन चालू. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, आठ वर्षांत! आणि इकडे मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चालूच आहे. तेव्हा कोकणची जमीन कठीण आहे हे कारण मला सांगू नका, जमीन दोघांना सारखीच होती.

गणपतीला बायकापोरं घेऊन पनवेलपासून उभ्याने येऊन बघा मग बुलेट हवी का नको ते ठरवू.

क्रॉसिंगला_थांबलेला (चिपळूण)

@चाकरमानी, मुद्दा मान्य, हायवेची जबाबदारी कातळावर ढकलता येणार नाही. पण त्या आठ वर्षांचं पुढे काय झालं ते पण बघा. कठीण दगडातले बोगदे पटापट झाले, मऊ मातीतल्यांनी रडवलं, पेडण्याचा बोगदा तर खणला की वरून परत खाली यायचा. लाइन सुरू झाल्यावर कटिंगच्या भिंती बोलायला लागल्या. २२ जून २००३, वैभववाडी, रुळावर दरड, पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर जाळ्या, भिंती, उतार कमी करणं, गस्त, स्टेशनांवर पर्जन्यमापक, पानवल-मांडवी-झुआरीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं, ही कामं वर्षानुवर्षं चाललीत. तरी जुलै २०२४ मधे दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी माती आली आणि वाहतूक जवळजवळ दिवसभर बंद.

म्हणून तर पावसाळी वेळापत्रक वेगळं. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. मुसळधार पावसात समोरचं दिसेना झालं की ४० च्या वर जायचं नाही असे आदेश असतात. आता सांगा, तीन-चार महिने जिथे ४० चा विचार करावा लागतो तिथे ३२० वाली गाडी कशी चालवणार? एलिव्हेटेड केली तर दरड वाचेल, पण मग खर्च विचारूच नका.

बोईसरकर

तुम्ही दक्षिण कोकणवाले नेहमी विसरता की पालघर पण कोकणात येतं 🙂 बुलेट ट्रेन कोकणात येणार नाही म्हणे! आमच्या इथून जातेय की. विरार आणि बोईसर दोन स्टेशनं आमच्याच जिल्ह्यात.

५०८ किलोमीटरपैकी १५६ महाराष्ट्रात. भूमिपूजन सप्टेंबर २०१७ ला, जपानी कर्ज ०.१ टक्क्याने, म्हणजे पैसा आणि तंत्र दोन्ही पहिल्या दिवशी हातात होतं. अडलं कुठे? जमिनीत. चिकूच्या वाड्या, आदिवासींची सातबाऱ्यावर नाव नसलेली कसवणूक, ग्रामसभांचे ठराव, विक्रोळीच्या जमिनीची हायकोर्टातली केस, खाडीतल्या कांदळवनाला कोर्टाची परवानगी डिसेंबर २०२२ मधे. शंभर टक्के जमीन ताब्यात यायला जानेवारी २०२४ उजाडला. गुजरातमधे तोवर ९७० टनांचे ४० मीटर लांब गर्डर अख्खेच्या अख्खे उचलून ठेवत होते.

आमच्या भावकीतल्या एकाची वाडी गेली. मोबदला बरा मिळाला हे तो पण म्हणतो. पण मोजणीला पहिले साहेब आले तेव्हा कुठला सर्व्हे नंबर, किती गुंठे, झाडं कोण मोजणार, काही धड सांगितलं नाही, म्हणून गावाने मोजणी अडवली. पुढे दुसरे अधिकारी आले, मराठीत नकाशा भिंतीवर लावला, झाडागणिक दर वाचून दाखवला, मग बऱ्याच जणांनी सह्या केल्या. पहिल्याच दिवशी तेवढं केलं असतं तर?

अजून एक. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे हादरे बसतायत. बुलेटच्या मार्गासाठी २८ भूकंपमापक बसवायचे आहेत, जमिनीची पहिली हलकी लाट पकडली की वरच्या तारेचा करंट आपोआप तुटतो आणि गाडीला ब्रेक लागतात. शिळफाट्यापासून बीकेसीपर्यंत २१ किलोमीटर बोगदा, त्यातले ७ ठाणे खाडीखाली, त्यासाठी १३.६ मीटर व्यासाचं कटरहेड. काम जबरदस्त आहे, मला अभिमानच वाटतो. पण स्वस्त पण नाही आणि लवकर पण नाही, एवढंच.

मालवणी_गजाल

बुलेट कित्याक व्हयी रे आमका? आधी सावंतवाडीचा टर्मिनस पुरा करा म्हणा. गणपतीक तिकीट काढूक बसलंय तर दोन मिन्टात वेटिंग, ता वेटिंग शेवटच्या दिसापर्यंत हलना नाय. दुसरो रूळ घाला, डबे वाढवा, आमी सात तासात येव, आमचा काय जाता. दोन तासात येवन तरी करतलंव काय, जेवाण रांधूक वेळ नको आवशीक?

डीपीखाली (लांजा)

😂😂 वरच्याला शंभर लाइक.

मी चार्जिंगकडे येतो कारण तो माझा विषय. सरकारी गाइडलाइन सांगते हायवेला दर २० किलोमीटरवर दोन्ही बाजूंना चार्जर, अवजड गाड्यांसाठी दर १०० वर. पीएम ई-ड्राइव्ह मधे चार्जरसाठी २,००० कोटी ठेवलेत. कागदावर सगळं छान. आता वाडीत या. वाडीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असतो ६३ नाहीतर १०० केव्हीएचा. त्यावर तीस-चाळीस घरं, दोन पाण्याचे पंप, एक गिरण, उन्हाळ्यात नवीन घेतलेले एसी. एक ६० किलोवॅटचा डीसी चार्जर लावला की एकटा तो १०० च्या डीपीचा दोन-तृतीयांश खाणार. म्हणजे चार्जरला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागणार, त्याला ११ केव्हीची लाइन लागणार, ती लाइन येणार जंगलातून, झाडाची फांदी पडली की सगळ्या फीडरला अंधार. त्या लाइनचं, खांबांचं, मीटर क्युबिकलचं कोटेशन बघून माणूस चार्जरची किंमत विसरतो.

आणि पैसे सुटायला विक्री लागते. आपल्याकडे गाड्या कधी येतात? मे, गणपती, दिवाळी, ३१ डिसेंबर. त्या दिवसांत चार्जरला रांग, आणि जुलैत त्याच्यावर बेडूक. डिमांड चार्ज मात्र बारा महिने. पुण्या-मुंबईत ऑफिसच्या गाड्या, टॅक्सी रोज येतात म्हणून तिथे परवडतं. इथे कोणी खाजगी कंपनी स्वतःहून दर २० वर लावणार नाही, लावला तरी बंद पडल्यावर माणूस पाठवणार नाही.

घाटातली_ईव्ही (संगमेश्वर)

माणूस पाठवणार नाही हे अगदी खरं. हायवेला एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे, ॲपवर कायम 'उपलब्ध' दिसतो. स्क्रीन मेलेली. हॉटेलवाला म्हणे आमची फक्त जागा, कंपनीला फोन करा. फोन लागतो दुसऱ्या राज्यात, तो विचारतो सर लोकेशन कुठलं, मी सांगतो हातखंब्याच्या अलीकडे, तो म्हणतो स्पेलिंग सांगा. मी बायकोला म्हटलं चहा मागव.

पण गाडी बंद पडेल ही जी भीती घालतात ना लोक, घाटात बॅटरी संपते वगैरे, ती उगाच. हिशोब सांगतो. माणसांसकट १७०० किलोची गाडी पाचशे मीटर वर चढवायला निव्वळ सव्वादोन युनिट लागतात, नुकसान धरून अडीच-तीन. म्हणजे आंबा घाट चढताना पंधरा-वीस किलोमीटरची रेंज जास्तीची खर्च होते, बस. उतरताना मोटरच ब्रेक लावते आणि त्यातलं निम्म्याच्या वर परत बॅटरीत येतं. फक्त एक, वरून फुल्ल चार्ज करून घाट उतरायला लागू नका, बॅटरीत जागाच नसेल तर परत घेणार कुठे. ऐंशीवर निघा. तसंही डीसीवर ऐंशीच्या पुढे चार्जिंग मंदावतं, मागचा माणूस शिव्या घालतो.

वस्तीची_गाडी

मी एसटी महामंडळात होतो, आता रिटायर. आमच्या ई-बसचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर पहिली शिवाई धावली, चांगली गाडी आहे, आवाज नाही धूर नाही. पुढे ५,१५० ई-बस भाड्याने घ्यायचा करार झाला, त्या अजून थेंबाथेंबाने येतायत. पण मला प्रश्न पडतो तो वस्तीच्या गाडीचा. संध्याकाळी डेपोतून निघून शेवटच्या गावात मुक्काम, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, पहाटे पहिली फेरी शाळेच्या पोरांना आणि मासळीवालीला घेऊन तालुक्याला. कोकणातली अर्धी गावं त्या एका गाडीवर जगली. ती इलेक्ट्रिक झाली तर रात्री चार्ज कुठे होणार? देवळाच्या बल्बच्या होल्डरवर? डेपोत मोठा चार्जर बसेल, त्याचं उद्घाटन पण होईल, आणि मग हळूच म्हणतील चार्जिंगची सोय नाही म्हणून वस्ती बंद. हे होऊ नये एवढंच.

चाकरमानी_डोंबिवली

काका हा मुद्दा एक नंबर. आमच्या गावची वस्ती डिझेल असतानाच बंद केली, तिला तर हे कारण पण लागलं नाही.

बरं ते गाडी रेल्वेवर चढवून न्यायचं काय झालं? २०२५ च्या गणपतीला कोलाड ते वेर्णा काढली होती ना. ईव्हीवाल्यांना बेस्ट की, बॅटरी खर्चच नाही.

क्रॉसिंगला_थांबलेला (चिपळूण)

काढली, एका गाडीला ७,८७५ रुपये, प्रतिसाद अगदीच थंड. ट्रकांची रोरो १९९९ पासून उत्तम चालते कारण त्यांना लांब जायचं असतं. आपला माणूस मुंबईहून कोलाडपर्यंत खड्ड्यांतून गाडी आणणार, तिथे तासन्‌तास आधी हजर राहणार, आणि मग वेर्ण्याला म्हणजे गोव्यात उतरून परत मागे देवगडला येणार? पुढे नांदगावला थांबा दिला, पण तोवर लोकांनी प्लॅन केले होते. तुमची आयडिया वाईट नाही. चिपळूण-रत्नागिरीला रॅम्प करा आणि वाघिणीवरच चार्जिंगचा पॉइंट द्या, २०२२ पासून अख्ख्या मार्गावर वरची तार आहेच. पण त्यासाठी पण मार्गावर रिकामी वेळ लागणार आणि ती एका रुळावर नाही. फिरून फिरून भोपळे चौकात.

खाडीपलीकडची (दापोली)

इतका वेळ नुसती वाचत होते. आमचा होमस्टे आहे, म्हणून लिहिते. इथे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, खांब माडांखाली झोपलेले. पेट्रोलच्या गाड्या निदान कॅनमधून पेट्रोल आणून चालत होत्या. तेव्हा ईव्ही असती तर काय केलं असतं हा प्रश्न मी प्रत्येक सेल्समनला विचारते आणि तो हसतो. मला हसायला येत नाही. किनाऱ्यावरच्या लाइनी जमिनीखालून टाकल्याशिवाय आम्ही गाडी बदलणार नाही, नवऱ्याने पण ठरवलंय.

पण पाहुणे विचारतात हे पण खरं. बुकिंगच्या फोनवर आधी एसी आहे का विचारायचे, आता चार्जिंग आहे का. दोन कुटुंबं माझ्याकडून त्याच्यामुळे दुसरीकडे गेली. म्हणून @जांभा_चिरा, तुम्हालाच विचारते. माझ्याकडे सिंगल फेज आहे, डीपी घरापासून तीनशे मीटर असेल, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मिक्सर कुंथतो. जमीन खाडीकाठची, कातळ नाही, पण दीड-दोन हात खणलं की खारं पाणी. ७.२ वाला बसवू का?

जांभा_चिरा (रत्नागिरी)

ताई, ७.२ नको. तो ३२ अँपिअर ओढणार, तीनशे मीटरच्या तारेवर तुमचं व्होल्टेज अजून बसेल, गाडी चार्जिंग मधेच सोडून देईल आणि पाहुणा रिव्ह्यू लिहील. ३.३ वाला पॉइंट घ्या, १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट, वेगळी केबल मीटरपासून, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत तीसेक युनिट जातात, दोनशेच्या आसपास किलोमीटर, पाहुण्याला दापोलीहून पुण्याला जायला तेवढं पुरतं, वाटेत एकदा टॉपअप केलं की झालं. रात्री गावचा लोड पण कमी असतो. आधी वीज कंपनीकडे लोड वाढवायचा अर्ज टाका, नाहीतर दंड बसेल. थ्री फेज मिळत असेल तर अर्जात तेच मागा, मग ७.२ चं पुढच्या वर्षी बघू.

अर्थिंग तुमच्याकडे आमच्यापेक्षा झकास लागेल, खाऱ्या पाण्यात रेझिस्टन्स एकदम कमी. पण जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घालू नका, दोन पावसाळ्यांत चाळणी होते. तांब्याचं कोटिंग असलेला रॉड, जोड वेल्डचा, नट-बोल्टचा नको. चार्जरची पेटी समुद्राकडच्या भिंतीला लावू नका, पडवीच्या आतल्या बाजूला घ्या आणि पिनेला झाकण असलेलीच घ्या, खारा वारा पितळेला पण सोडत नाही.

मीटरचा आणि खांबावरून घरात येणाऱ्या तारेचा फोटो टाका, केबलचा साइज सांगतो.